जखमी जनावर रस्त्यावर: पहिला फोन कुणाला, शेवटचं बिल कुणाचं?

गेल्या आषाढातली गोष्ट. वाईहून निघालो, सुरूर फाट्याला हायवेला लागलो. रात्रीचे साडेनऊ, पाऊस बारीक. पुढच्या टेम्पोने कचकन ब्रेक मारला, क्षणभर थांबला आणि निघून गेला. माझ्या दिव्यांत कडेला एक तांबडं कुत्रं बसलेलं दिसलं. बसलेलं नव्हतं ते. मागचा डावा पाय भलत्याच दिशेला वळला होता.

शेजारच्या टपरीवाल्याने ओरडून सांगितलं, "दादा, तोंडाकडनं जाऊ नगा, चावंल." मग तोच आला. त्याने माझ्या गाडीतलं पायाखालचं रबरी मॅट काढायला लावलं, कुत्र्याच्या पाठीमागून ते हळूहळू अंगाखाली सरकवलं आणि दोन बाजू धरून आम्ही त्याला मागच्या सीटवर ठेवलं. बोगदा पार करून, शिरवळ मागे टाकून मी तडक पुण्यात एका खासगी दवाखान्यात पोचलो. तिथे एक फॉर्म पुढे आला. त्यावर 'मालकाचं नाव' अशी रेघ होती. तिथे मी माझं नाव लिहिलं.

त्या एका रेघेचा हिशेब असा. रात्रीची तातडीची फी १,०००. सलाईन आणि इंजेक्शनं १,४५०. दोन बाजूंचे एक्स-रे १,४००. पाय काढण्याची शस्त्रक्रिया १४,०००. १९ दिवसांचा मुक्काम, दिवसाला ६०० प्रमाणे, ११,४००. औषधं ३,१००. एकूण ३२,३५०. दवाखान्याने लुबाडलं असं मी म्हणणार नाही. दर ठरलेले होते, मीच विचारले नव्हते. चौथ्या दिवशी एका ओळखीच्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे सकाळी का नाही नेलंत?" त्याच गावावरून मी गाडी दामटत आलो होतो.

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितोय. रस्त्यावर जनावर दिसलं की आपण 'किती लागलंय' एवढंच बघतो. खर्चाच्या दृष्टीने पहिला प्रश्न वेगळा आहे: हे जनावर कुणाचं? भटकं असेल तर खर्च बहुधा नेणाऱ्याचा. गोठ्यातलं असेल तर मालकाचा, नाहीतर विमा कंपनीचा. रानातलं असेल तर सरकारचा, आणि तिथे आपण मधे पडलो तर पैशापेक्षा मोठी गोष्ट अंगाशी येते.

कुत्रं-मांजर: मुक्काम महाग पडतो

आधी दर सांगतो. हे पुण्यात गेल्या वर्षभरात मी स्वतः विचारलेले आहेत. तालुक्याच्या गावी कमी, मुंबईत जास्त धरा. तपासणी ३०० ते ८००, रात्री दुप्पट. एक्स-रेच्या एका फिल्मला ५०० ते १,०००, आणि एका पायाला दोन फिल्म लागतातच. सोनोग्राफी १,२०० ते २,५००. हाडात रॉड घालणं १२,००० ते २५,०००, प्लेट बसवणं २०,००० ते ४५,०००. पाय काढणं ८,००० ते १८,०००. मुक्काम दिवसाला ४०० ते १,०००.

शेवटचा आकडा लोक सोडून देतात आणि तिथेच फसतात. प्लेट बसवलेल्या कुत्र्याला सहा ते आठ आठवडे पिंजऱ्यात शांत ठेवावं लागतं. दिवसाला ६०० धरले तरी सहा आठवड्यांचे २५,२०० होतात. रस्त्यावरच्या कुत्र्याला इतके दिवस ठेवणार कोण? म्हणून डॉक्टर जेव्हा 'पाय काढू' म्हणतात तेव्हा दचकू नका. मीही आधी 'छे!' म्हणालो होतो. पण टाके दहा-चौदा दिवसांत निघतात आणि तीन पायांवर कुत्रं लवकर सरावतं. हाड जुळेपर्यंत सांभाळणारं घर नसेल, तर महागडी प्लेट टाकून त्याला पुन्हा रस्त्यावर सोडणं हे पैसे आणि कुत्रं दोन्ही वाया घालवणं आहे.

पाठीचा कणा मोडला असेल आणि मागच्या पायाची बोटं जोरात चिमटली तरी कुत्रं वळून बघत नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा की हे पुन्हा चालण्याची आशा किती. 'बघूया' या शब्दाचा दिवसाचा दर ६०० रुपये असतो. दयामरणाचा निर्णय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच घ्यायचा आणि त्यानेच तो अमलात आणायचा. खर्च साधारण १,५०० ते ३,०००.

दवाखान्यात शिरताना तीन वाक्यं बोलायची. "हे रस्त्यावर सापडलंय, मी आणणारा आहे, मालक नाही." "आज रात्रीपुरतं स्थिर करायला किती लागतील?" "माझी मर्यादा इतकी आहे, त्यापुढे मला विचारल्याशिवाय काही करू नका." फॉर्मवर 'मालक' खोडून 'आणणारा' लिहा. मर्यादा सांगायची लाज वाटायचं कारण नाही. डॉक्टरांनाही ते बरं पडतं, कारण अर्धवट बिल टाकून गायब होणारे त्यांनी बरेच पाहिलेले असतात. आणखी एक: पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारांना जीएसटी माफ आहे. औषधांवर तो असतो, पण बिलात शस्त्रक्रियेपुढे १८ टक्के लावलेले दिसले तर विचारा.

आता स्वस्त वाटा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात आहेत. पण पाटी नीट वाचा. 'श्रेणी-१' असेल तर तिथे पशुधन विकास अधिकारी, म्हणजे पदवीधर डॉक्टर असतात. 'श्रेणी-२' चा कारभार बहुधा पशुधन पर्यवेक्षकाकडे असतो. मलमपट्टी होईल, मोडलेला पाय नाही. हाडाचं काम असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणचं सर्वचिकित्सालय गाठा, किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालय: मुंबईत परळ, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ. महाविद्यालयात केसपेपर आणि सामानाचे पैसे पडतात, पण खासगीच्या मानाने फार कमी. अडचण वेळेची. ओपीडी सकाळची, रात्री दार बंद. त्यामुळे व्यवहारी उपाय हा की रात्री खासगीत फक्त वेदनाशामक, सलाईन आणि आधाराची पट्टी करून घ्यायची आणि सकाळी हलवायचं. माझं हेच चुकलं.

परळलाच महाविद्यालयाच्या शेजारी बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. एकोणिसाव्या शतकापासून मुंबईतली टांग्याची घोडी आणि रस्त्यावरची कुत्री तिथे जात आली आहेत. शहरोशहरी संस्थांच्या रुग्णवाहिकाही आहेत. त्या बहुधा फुकट किंवा देणगीवर येतात, पण दोन-चार तास लागू शकतात. फोनवर ते तुमच्याकडे फोटो, लाईव्ह लोकेशन आणि एक शब्द मागतात: 'आम्ही येईपर्यंत थांबाल ना?' थांबणार नसाल तर हो म्हणू नका. कुत्रं सरपटत झुडपात गेलं की गाडी रिकामी परत जाते आणि दुसऱ्या कुणाची पाळी चुकते. संस्थेला पैसे देणार असाल तर जुन्या करपद्धतीत ८०-जी खाली बहुतेकदा निम्म्या रकमेची वजावट मिळते. मात्र २,००० च्या वर रोख दिलंत तर ती मिळत नाही.

फुकटातली पण जीव वाचवणारी कामं अशी. पाणी, दूध, बिस्किट काही देऊ नका. भूल द्यावी लागली तर पोट भरलेलं नको. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अजिबात नाही. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरते. रक्त दिसत नाही म्हणून बरं वाटून घेऊ नका. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबा आणि सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. हिरडी पांढरी राहिली तर रक्तस्राव आत चाललाय, सकाळची वाट बघू नका. ओढणीने तोंड बांधलंत तर चालेल, पण धाप लागलेल्या किंवा उलटी करणाऱ्या कुत्र्याचं बांधायचं नाही.

गाय, म्हैस, मेंढरं: इथे माणसं जास्त महाग

पावसाळ्यात गुरं रस्त्यावर का बसतात हे एकदा एका गवळ्याला विचारलं होतं. त्याचं म्हणणं, "डांबर कोरडं अन् गरम, वर वाऱ्यानं माश्या बसत नाहीत." काळी म्हैस, काळा रस्ता, समोरच्याचा अप्पर. धडक बसते तेव्हा बहुधा दोघांचाही दोष नसतो. पण पाच मिनिटांत तीस माणसं जमतात आणि आकडा उच्चारला जातो. चांगल्या दुभत्या म्हशीचा भाव लाखाच्या आसपास असतो, त्यामुळे आकडाही तिथूनच सुरू होतो.

जागेवर रोख देऊन तोडपाणी करू नका. यामागे नुसता तत्त्वाचा आग्रह नाही. तुमच्या मोटार विम्याच्या पॉलिसीतच अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय तुम्ही चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, देण्याचं वचनही द्यायचं नाही. तुम्ही भीतीने ४०,००० मोजलेत तर ते तुमच्याच खिशातून गेले. उलट थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान धरलेलं असतं, नेहमीच्या पॉलिसीत कारसाठी साडेसात लाखांपर्यंत आणि दुचाकीसाठी एक लाखापर्यंत. गुरं ही मालकाची मालमत्ताच आहे. त्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दाद मागायची, तुम्ही विमा कंपनीला कळवायचं. ११२ ला फोन करून पोलिस बोलवा, पंचनामा होऊ द्या. नाहीच आले तर ठाण्यात जाऊन स्टेशन डायरीला नोंद करून घ्या आणि नोंदीचा क्रमांक लिहून घ्या.

जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असेल तर त्याचा फोटो काढा. त्यावर १२ अंकी क्रमांक असतो आणि त्यावरून मालक सापडतो. जनावराचा विमा उतरवलेला असेल तर मालकाला भरपाईसाठी हाच बिल्ला आणि शवविच्छेदनाचा दाखला लागतो, म्हणून तो कुणालाही उपटू देऊ नका. जिवंत असेल तर १९६२ वर फोन करा. ही पशुसंवर्धन विभागाची हेल्पलाईन; फिरतं पथक जवळ असेल तर येतं, नाहीतर जवळचा सरकारी डॉक्टर सांगतात. मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, कुत्र्यासाठी गाडी येईलच असं धरून चालू नका.

दुसरी बाजूही सांगायला हवी. गुरं रस्त्यावर मोकाट सोडणं हा मालकाचा निष्काळजीपणा आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये महामार्गांवरची मोकाट जनावरं हटवायला आणि त्यासाठी गस्तीची पथकं ठेवायला सांगितलं. पण दिवाळीच्या आगेमागे धनगरांचे वाडे घाटावरून कोकणाकडे निघतात, तेव्हा घोड्यावर संसार आणि मागे दीडदोनशे मेंढरं असा कळप भरधाव ट्रकसमोर येतो. त्या माणसाचं नुकसान खरं असतं आणि न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढायला तो पुढच्या महिन्यात त्या तालुक्यात नसतो. अशा वेळी पोलिसांसमोर, विमा कंपनीला फोनवर घेऊन, पावती करून व्यवहार मिटवणं मला योग्य वाटतं. अडवणूक कुठली आणि नुकसान कुठलं हे समोर उभं राहिलं की कळतं.

रानातलं असेल तर हात खिशात

बिबट्या, कोल्हा, तरस, उदमांजर, घोरपड, मोर, घुबड, वानर, साप. इथे उपचाराचा खर्च तुमच्याकडे शून्य. काम एकच, वन विभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाईन १९२६. किलोमीटरचा दगड कुठला, कोणत्या बाजूची लेन, जनावर हलतंय का, एवढं सांगा. पुण्यात बावधनला आणि नागपुरात सेमिनरी हिल्सला वन विभागाची वन्यप्राणी उपचार केंद्रं आहेत. जनावर तिथे न्यायचं का, ते पथक ठरवतं.

जखमी बिबट्याजवळ गाडीतून उतरून व्हिडिओ काढणाऱ्यांना काय सांगावं? निपचित पडलेला बिबट्या शुद्धीवर आला की पहिल्यांदा जवळच्या माणसावर जातो. गाडी लांब उभी करा, काचा वर, पार्किंगचे दिवे चालू. साप असेल तर सर्पमित्रही १९२६ वरूनच मागा. घुबड किंवा घार असेल तर मात्र पुठ्ठ्याचा खोका उपडा घालून अंधार करता येतो. अंधारात पक्षी शांत राहतो आणि पंख आपटून आणखी मोडून घेत नाही.

आता जरा नाजूक विषय. रात्री ससा गाडीखाली येतो आणि कुणीतरी म्हणतं, "मेलाच आहे, डिकीत टाक." रानडुकराच्या बाबतीत तर हे सर्रास चालतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मेलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. ती तुमच्या हाती आली तर ४८ तासांत पोलिस किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. डिकीत सापडलं तर 'आपोआप मेला' हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं आणि गाडीही जप्त होऊ शकते. या कायद्यात २०२२ मध्ये केलेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. बिबट्या, घोरपड अशा पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या गुन्ह्याला आता किमान तीन वर्षं कैद आणि किमान २५,००० दंड आहे. तुमच्याच गाडीखाली आलं असेल तर आपणहून १९२६ ला कळवणं हा सर्वांत स्वस्त मार्ग. चौकशी होईल, जबाब होईल, एखादे वेळी गाडी काही दिवस अडकेल. पळून गेलात आणि टोलनाक्याच्या कॅमेऱ्याने पकडलं, तर तोच जबाब आरोपीचा म्हणून द्यावा लागेल.

रस्ता जंगलातून जातो तिथे धडक टाळायचे उपाय आहेत, आणि ते चालतात. नागपूरहून सिवनीकडे जाताना पेंचमध्ये राष्ट्रीय महामार्ग ४४ उंच खांबांवर नेलाय, खालून वाघ, चितळ, रानकुत्रे जातात. तिथला एक मार्ग ७५० मीटरचा आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर, जिथे उसातून बिबटे रस्ता ओलांडतात, तिथे असलं काही नाही. तिथे उपाय तुमच्या उजव्या पायाखाली आहे.

गाडीचा विमा: दावा करावा की नाही?

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर तुमच्या गाडीचं नुकसान तुमचंच. पूर्ण विम्यात जनावराची धडक हा अपघातच धरतात. पण मिळतं किती? साडेतीन वर्षांची, १५०० सीसीच्या आतली हॅचबॅक घेऊ. रानडुकराला धडकली. समजा बिल असं आलं: बंपर ८,०००, हेडलॅम्प ७,०००, बॉनेट ९,०००, मजुरी ४,०००, रंग ८,०००. एकूण ३६,०००. जीएसटी सोयीसाठी बाजूला ठेवलाय.

प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणून बंपरचे ४,००० आणि प्लास्टिकच्या हेडलॅम्पचे ३,५००. पत्र्यावरचा घसारा गाडीच्या वयानुसार. तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, म्हणून बॉनेटचे ६,७५०. मजुरी पूर्ण ४,०००. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा सामान धरून त्यावर ५० टक्के कापतात, म्हणजे ७,०००. बेरीज २५,२५०. त्यातून सक्तीची वजावट १,००० (१५०० सीसीच्या वर २,०००, दुचाकीला १००). हातात २४,२५०, खिशातून ११,७५०. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कलम, घेतलेलं असेल तर खिशातून साधारण हजारच जातात.

पण थांबा, नो क्लेम बोनस राहिला. तो २०, २५, ३५, ४५, ५० असा चढतो आणि एका दाव्याने शून्यावर येतो. या गाडीला सध्या ३५ टक्के आहे. दावा न केल्यास पुढची तीन वर्षं ४५, ५०, ५०. केल्यास ०, २०, २५. फरक ४५, ३० आणि २५, मिळून १०० टक्के. म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा वार्षिक हप्ता ९,००० असेल तर तीन वर्षांत ९,००० गेले. बिल १०-१२ हजारांचं असेल तर दावा करू नका, हा माझा स्पष्ट सल्ला. वरच्या ३६,००० च्या बिलाला करा. बोनस वाचवणारं वेगळं कलम पॉलिसीत असेल तर हा हिशेब बदलतो, ते आधी बघा.

सगळ्यात महाग चूक धडकेनंतर होते. जाळी फुटून रेडिएटरला भोक पडतं, खाली हिरवं पाणी टपकतं आणि आपण 'पुढच्या गावापर्यंत नेऊ' म्हणतो. इंजिन तापून बसतं. धडकेचं नुकसान विम्यात येतं, त्यानंतर गाडी चालवल्यामुळे झालेलं येत नाही. त्या बिलापुढे टोइंगचे तीन-चार हजार काहीच नाहीत. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा. गस्तीची गाडी तुम्हालाही बाजूला घेते आणि रस्त्यावरचं जनावरही. आणि जागेवरून निघण्याआधी फोटो काढा: गाडी, जनावर, बंपरला चिकटलेले केस. सर्व्हेअर तेच विचारतो.

तुम्हाला लागलं तर

दुचाकीवाल्याच्या बाबतीत जनावराआधी माणूस. १०८ ची रुग्णवाहिका फुकट असते. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे. अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत विनारोकड उपचार मिळतात. गाडीमालक चालकाचा १५ लाखांचा व्यक्तिगत अपघात विमाही बहुतेकांकडे असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो.

जखमी कुत्रं-मांजर उचलताना ओरखडा जरी आला, तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद-चुना काही नको. त्याच दिवशी लस सुरू करा. स्नायूतली लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी घेतात. सरकारी रुग्णालयात ती फुकट, खासगीत एका डोसला साधारण ३५० ते ५००. रक्त आलं असेल, किंवा लाळ आपल्या आधीच्या जखमेला लागली असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. खासगीत ते काही हजारांत जातं, म्हणून आधी सरकारी रुग्णालयात विचारा.

पोलिस पकडतील का?

ही भीती बऱ्याच जणांना पळायला लावते. मुंबईत मरीन ड्राईव्हवर २०२० मध्ये खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या एका तरुणाच्या दुचाकीखाली कुत्रा आला. तरुणही पडून जखमी झाला, आणि गुन्हा त्याच्यावरच नोंदवला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. बेदरकार चालवण्याची ती कलमं माणसाच्या जिवाबद्दल आहेत, जनावराच्या नाहीत, आणि इथे हेतूही नव्हता, असं न्यायालयाने म्हटलं आणि सरकारला त्या तरुणाला २०,००० रुपये द्यायला लावले. जाणूनबुजून मारलंत किंवा जायबंदी केलंत तर गोष्ट वेगळी. न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. वडापाव कुठच्या कुठे गेला, हा दंड तिथेच आहे.

जनावर मेलेलं असेल तर पालिकेचा घनकचरा विभाग किंवा ग्रामपंचायत उचलते, हायवेला १०३३. भटक्या जनावराचं शव उचलण्यासाठी कुणी पैसे मागितले तर पावती मागा. शव रस्त्यात ठेवू नका म्हणतात ते केवळ दुर्गंधीपायी नाही. त्यावर कुत्री, कोल्हे, घारी येतात आणि पहाटेच्या गाडीखाली त्यांतलं आणखी एक जातं.

डिकीत मी आता एक जुनी चादर, बारदानाचं पोतं, रबरी हातमोजे, क्रेप बँडेज आणि घडी घातलेला पुठ्ठ्याचा खोका ठेवतो. सगळं मिळून ४०० च्या आत झालं. हातमोजे मोटरसायकल गॅरेजवाल्याकडून आणलेत, औषधाच्या दुकानातले पातळ असतात, दात आरपार जातो.

तांबड्याला विसाव्या दिवशी सुरूरला परत नेलं. टपरीवाला म्हणाला, "ठिवा हितंच, माझाच हाय त्यो, रातच्याला हाक मारली की येतो." म्हणजे मालक होताच, फॉर्मवर माझं नाव लागलं एवढंच. मी त्याला दोन नंबर लिहून दिले. त्याने ते दारामागच्या फळीवर खडूने, उधारीच्या यादीखाली उतरवले: १९६२, १०३३. परवा चहाला थांबलो तेव्हा तांबडं तीन पायांवर उड्या मारत बाकाखालून बाहेर आलं. टपरीवाला फळीकडे बोट दाखवून हसत होता, "दादा, लोकं इच्यारत्यात, एवढी मोठी उधारी कुणाची म्हून."